कामावरून काढणं कधी न्याय्य, कधी अन्याय्य?

पानगळ:

कामावरून काढणं न्याय्य होतं की अन्याय्य, हे न्यायालय किंवा लवाद नेमकं कशावरून ठरवतात ते समजून घ्यायचं आहे. 'कारण लेखी दिलं म्हणजे झालं' असं काही जण ठामपणे सांगतात. काहींच्या मते नोटीस पिरियडचा पगार हातात ठेवला की मालक मोकळा. दोन्ही पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. म्हणून चार प्रसंग मांडते.

१. गोदामात माल कमी भरला. किल्ली दोघांकडे होती. त्यातल्या एकाला त्याच दिवशी काढलं.
२. विक्रीचं टार्गेट सलग तीन महिने चुकलं म्हणून एका मेलवर नोकरी संपवली.
३. 'तुमचं पदच रद्द झालंय' असं सांगून काढलं आणि महिन्याभरात त्याच कामाची जाहिरात आली.
४. 'राजीनामा द्या, नाहीतर बडतर्फ करतो' म्हणून सही घेतली.

यातलं अन्याय्य कुठलं? आणि देश बदलला की उत्तर बदलतं का? इथली मंडळी बऱ्याच देशांत आहेत, म्हणून विचारते आहे.

तराजू:

चारही प्रसंगांत कारणाची जात वेगळी आहे, त्यामुळे एकच उत्तर चालणार नाही. पण पाया सगळीकडे जवळजवळ सारखा आहे. तीन प्रश्न विचारायचे: कारण ग्राह्य होतं का, ते ठरवण्याची पद्धत रास्त होती का, आणि त्या कारणासाठी नोकरीच काढून घेणं प्रमाणात होतं का. तिन्हींना 'हो' म्हणता आलं तरच निर्णय टिकतो. पहिल्याला 'हो' मिळालं की मालकाची माणसं बहुतेक वेळा तिथेच थांबतात, आणि प्रकरण हातचं जातं ते दुसऱ्या प्रश्नावर.

ग्राह्य कारणं कोणती? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८२ साली केलेल्या १५८ क्रमांकाच्या करारात तीन गट दिले आहेत: कामगाराची क्षमता, त्याचं वर्तन, आणि आस्थापनेची कामकाजाची गरज. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, ऑस्ट्रेलियाने स्वीकारलाय. दक्षिण आफ्रिकेच्या १९९५ च्या कायद्यात हेच तीन गट आहेत. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यात पाच आहेत: क्षमता किंवा पात्रता, वर्तन, पद अतिरिक्त ठरणं, नोकरी चालू ठेवल्याने कायदाच मोडला जाणं (उदाहरणार्थ, ड्रायव्हरचं लायसन्स रद्द होणं), आणि 'इतर सबळ कारण'. या पाचव्या गटात कंपन्या काहीही कोंबायला बघतात, त्यामुळे न्यायाधिकरण तिथे जास्त खोलात जातं.

काही कारणं कधीच चालत नाहीत. संघटनेचं सभासदत्व, मालकाविरुद्ध तक्रार केलेली असणं, गरोदरपण, बाळंतपणाची रजा, धर्म, वंश, लिंग, वैवाहिक स्थिती, राजकीय मत ही सगळी त्या १५८ व्या करारात नावानिशी आहेत. आजारपणाची तात्पुरती गैरहजेरीही त्यात आहे. अशा कारणाचा वास आला की पद्धत कितीही चोख असली तरी उपयोग नसतो.

आता नोटीस पगाराबद्दल. इथे दोन वेगळ्या तक्रारींची गल्लत होते. नोटीस न देता काढलं, म्हणजे कराराचा भंग झाला. त्याची भरपाई साधारण नोटीस काळाच्या पगाराएवढी. पण नोटीस पूर्ण देऊनही कारण खोटं किंवा पद्धत एकतर्फी असेल तर काढणं अन्याय्यच राहतं, आणि तो दावा वेगळा चालतो. नोटीस पगार घेतला म्हणून दुसरा हक्क आपोआप जात नाही.

देश बदलला की सर्वांत मोठा फरक अमेरिकेत दिसतो. तिथे बहुतेक राज्यांत कारण न देताही काढता येतं. फक्त वंश, धर्म, लिंग अशा भेदभावावर किंवा तक्रार केल्याचा सूड म्हणून काढता येत नाही. मोंटाना राज्य याला अपवाद आहे. तिथे १९८७ च्या कायद्याने परिविक्षा काळ (प्रोबेशन) संपल्यावर रास्त कारण द्यावंच लागतं.

जुनाफाईलवाला:

पहिल्या प्रसंगावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

माल कमी भरला आणि त्याच दिवशी माणूस बाहेर, हे जवळपास कुठेच टिकत नाही. चोरी गंभीर गैरवर्तन आहे हे खरं. गंभीर गैरवर्तनात नोटीस देण्याची गरज नसते, पण ऐकून घेण्याची गरज उरतेच. ब्रिटनमध्ये १९७८ पासून जी कसोटी लावतात ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याने हे केलं असं मालकाला मनापासून वाटत होतं का? तसं वाटायला रास्त आधार होता का? आणि तो आधार पुरेशा तपासातून आला होता का? चोरी सिद्ध झालीच पाहिजे असं यात कुठेही नाही. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचा कौल, म्हणजे 'घडलं असण्याचीच शक्यता जास्त' एवढं पुरतं. म्हणूनच फौजदारी खटल्यात सुटलेला माणूस नोकरीच्या दाव्यात हरू शकतो.

किल्ली दोघांकडे होती, हा या प्रसंगाचा गाभा आहे. रास्त तपास करूनही दोघांपैकी कोण हे ठरत नसेल आणि तिसऱ्या कुणाला शक्यच नसेल, तर ब्रिटनच्या अपील न्यायालयाने दोघांनाही काढणं न्याय्य ठरवलेलं आहे. ऐकायला कठोर आहे, पण तसं आहे. मात्र दोघांत फरक दाखवणारं काही हाती नसताना एकालाच काढलं, तर 'हाच का?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही. भेदभावाचा किंवा आकसाचा मुद्दा तिथूनच उभा राहतो.

चौकशी नीट व्हायची तर क्रम असा असतो. आधी प्राथमिक तपास: स्टॉक रजिस्टर, गेटपास, सीसीटीव्ही, किल्लीची नोंदवही. तोवर निलंबित करता येतं, पण निलंबन ही शिक्षा नव्हे, त्यामुळे बिनपगारी निलंबन धोक्याचं. भारतात स्थायी आदेश (आस्थापनेतल्या नोकरीच्या अटींचे कायद्याने ठरलेले लेखी नियम) लागू असलेल्या ठिकाणी पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के निर्वाह भत्ता आणि पुढे, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के द्यावा लागतो.

मग आरोपपत्र. यात तारीख, वेळ, जागा, कुठला माल, किती नग, स्थायी आदेशातलं किंवा सेवानियमातलं कुठलं कलम मोडलं, हे सगळं हवं. 'आपले वर्तन कंपनीच्या हिताला बाधक आहे' एवढंच लिहिलेलं आरोपपत्र निरुपयोगी. त्याला उत्तर कसलं देणार? उत्तराला पुरेसे दिवस द्यायचे, आणि ज्या कागदांवर मालक विसंबणार आहे त्यांच्या प्रती आधी द्यायच्या. चौकशीच्या दिवशी फाईल समोर टाकायची नाही.

चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदार नसावा, आणि शिक्षेचा निर्णय त्याने घेऊ नये. साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यायची, सोबत सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी बसू द्यायचा. रोजच्या कामकाजावर सगळ्यांच्या सह्या. कामगाराने सही नाकारली तर तशी नोंद. शेवटी अहवालात आरोपागणिक कारणमीमांसा हवी. 'वरील पुराव्यावरून आरोप सिद्ध होतो' एवढं पुरत नाही.

फसतं कुठे? मला दिसणारी मुख्य ठिकाणं सांगतो. निष्काळजीपणाचा आरोप ठेवून चोरीबद्दल काढणं. कामगाराला न सांगता शिक्षा ठरवताना जुन्या मेमोंचा आधार घेणं. मागचा रेकॉर्ड वापरायचा असेल तर तो आधी दाखवून त्यावर म्हणणं मागवावं लागतं. चौकशी अधिकाऱ्यानेच मालकाच्या बाजूने प्रश्न विचारत सुटणं. आणि बडतर्फीच्या पत्राचा मसुदा चौकशीच्या शेवटच्या तारखेआधी तयार असणं. हे शेवटचं तर कॉम्प्युटरमधल्या फाईलच्या तारखेवरूनच उघडं पडतं.

'सुनावणी घेतली असती तरी निकाल हाच लागला असता' हा बचाव ब्रिटनमध्ये १९८७ च्या निकालानंतर न्याय्य-अन्याय्य ठरवताना सहसा चालत नाही. त्याचा परिणाम भरपाई कमी होण्यावर होतो. भारतात मार्ग जरा वेगळा आहे: चौकशी सदोष निघाली तरी मालकाला न्यायालयापुढे नव्याने पुरावा देऊन आपला निर्णय सिद्ध करायची संधी मागता येते. आणि आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा अवाजवी वाटली, तर ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला १९७१ च्या दुरुस्तीने मिळाला. पंधरा वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्याला क्षुल्लक चुकीबद्दल बडतर्फ केलं असेल तर खरी लढाई याच मुद्द्यावर होते.

केशरी शाई:

दुसरा प्रसंग, टार्गेट चुकल्याचा. हे क्षमतेचं प्रकरण आहे, वर्तनाचं नाही, आणि म्हणून इथे आरोपपत्रापेक्षा आधीची वागणूक तपासतात. टार्गेट आधी लेखी दिलं होतं का? तेवढीच संधी असलेल्या भागात इतरांना ते जमलं का? कमी पडतंय हे वेळेवर सांगितलं का, सुधारायला मुदत आणि मदत दिली का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'सुधारणा झाली नाही तर नोकरी जाईल' हे स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं का? 'अजून जोर लावा' ही समज म्हणजे ताकीद नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या कायद्यात तर काम कमी पडल्यामुळे काढलेल्याला आधी ताकीद मिळाली होती का, हा मुद्दा वेगळा लिहिलेलाच आहे.

सहा महिन्यांपूर्वी पगारवाढीच्या पत्रात 'उत्तम कामगिरी' लिहिलेलं असेल तर मालकाची बाजू बरीच लंगडी होते. मधे नेमकं काय बिघडलं हे त्याला सांगावं लागतं. म्हणून अशी पत्रं फेकू नका.

टार्गेट आजारामुळे चुकलं असेल तर मार्गच बदलतो. तिथे ताकीद देणं अप्रस्तुत आहे. वैद्यकीय अहवाल मागवायचा, माणूस कधी आणि किती काम करू शकेल ते बघायचं, हलकं किंवा दुसरं काम देता येतं का याचा खरोखर विचार करायचा. हे न करता काढलं तर अपंगत्वावरून भेदभावाचा वेगळा दावाही येऊ शकतो.

तराजू:

तिसरा मी घेतो.

पद रद्द होणं आणि माणूस नकोसा होणं या दोन गोष्टी आहेत. पहिली खरी असेल तर माणसाचा काहीच दोष नसतो, म्हणून कायदा तिथे आगाऊ सूचना, सल्लामसलत, निवडीचे निकष, पर्यायी काम आणि भरपाई मागतो. महिन्याभरात त्याच कामाची जाहिरात आली तर पद रद्द झालं नव्हतं याचा तो जवळजवळ थेट पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट, पूर्ण मजकुरासह घ्या. पदाचं नाव बदललेलं असतं, म्हणून कामाच्या जबाबदाऱ्यांची यादी आपल्या नेमणूकपत्राशेजारी ठेवून ओळीने जुळवा.

दहा जण एकच काम करत असतील आणि दोघं कमी करायचे असतील, तर निकष काय होते आणि गुण कोणी दिले हे विचारा. भारतात कामगार कपातीत सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो; तसं केलं नाही तर कारण नोंदवावं लागतं. पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना प्राधान्य असतं.

औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यातही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यासारखीच एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार ही अट आहे. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ७ वर्षं ८ महिने नोकरी झाली असेल तर ८ गुणिले १५, १२० दिवसांचा सरासरी पगार. ७ वर्षं ५ महिने असेल तर १०५ दिवसांचा. ही रक्कम नंतर कधीतरी देऊन चालत नाही, ती कपातीची पूर्वअट आहे. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखाना, खाण आणि मळ्यांना कपातीआधी सरकारची परवानगीही लागते; पूर्वी हा आकडा १०० होता.

पानगळ:

चौथा राहिला. शिवाय, हे सगळं प्रत्येकाला लागू होतं का? मॅनेजर असेल तर? आणि तक्रार किती दिवसांत करायची?

केशरी शाई:

चौथ्यात पहिला अडथळा असा की कागदावर बडतर्फी नाहीच, राजीनामा आहे. आपल्याला काढलं, हेच आधी कामगाराला सिद्ध करावं लागतं. ते झालं की मग न्याय्य कारणाचा भार मालकावर येतो. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात ही वाटणी स्पष्ट लिहिली आहे, इतरत्रही वहिवाट तशीच.

मग बघतात काय? राजीनाम्याचा मसुदा कोणाचा होता, विचार करायला वेळ दिला का, कोणाशी बोलायची परवानगी होती का, खोलीत किती जण होते, बदल्यात काही मिळालं का. पैसे आणि अटींवर वाटाघाट होऊन राजीनामा दिला असेल तर तो बहुधा संमतीचाच धरला जातो. दबावाखाली सही झाली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मेल पाठवायचा: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तींसमोर, असं सांगून सही घेतली, राजीनामा माझ्या इच्छेने नाही, मी तो मागे घेत आहे आणि कामावर यायला तयार आहे. दोन महिने गप्प राहून मग दबावाची गोष्ट काढली तर ती कोणी मानत नाही.

याचाच भाऊबंद म्हणजे नोकरी असह्य करून माणसाला स्वतःहून जायला लावणं: पगार परस्पर कापणं, हुद्दा उतरवणं, कामच न देणं. तिथेही राजीनाम्यात कारण लिहा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द पुढचा सगळा दावा खाऊन टाकतात.

मुदतीबद्दल: ऑस्ट्रेलियात बडतर्फी लागू झाल्यापासून २१ दिवस. दक्षिण आफ्रिकेत ३० दिवस, आणि मालकाने अंतर्गत अपिलावर अंतिम निर्णय नंतर दिला असेल तर त्या तारखेपासून. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये अशी सवलत नाही. अंतर्गत अपील चालू असलं तरी घड्याळ थांबत नाही, आणि पुष्कळ दावे तिथेच बुडतात. ब्रिटनमध्ये दाव्याआधी 'एकास' (Acas) या समेट घडवणाऱ्या संस्थेला कळवून समेटाचा टप्पा पार करावा लागतो. भारतात नव्या संहितेनुसार दोन वर्षं, पूर्वी तीन होती. पण दोन वर्षं आहेत म्हणून थांबू नका, साक्षीदार नोकऱ्या बदलतात आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

जुनाफाईलवाला:

मॅनेजरबद्दल. भारतात हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे त्यातून बाहेर, आणि पर्यवेक्षक महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेत असतील तर तेही. पण कार्डावरचा हुद्दा पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलेला माणूस रजा मंजूर करत नसेल, कोणावर कारवाई करू शकत नसेल आणि दिवसभर नोंदीच करत असेल, तर तो कामगार ठरू शकतो. खरोखरच बाहेर असेल तर दिवाणी न्यायालयात करारभंगाचा दावा उरतो आणि तिथे नोकरी परत मिळणं दुर्मीळ.

ऑस्ट्रेलियात दावा करायला किमान सहा महिने नोकरी झालेली हवी. १५ पेक्षा कमी कर्मचारी असतील तर एक वर्ष.

उंबरठा:

एका मुद्द्यावर जुनाफाईलवाला यांच्याशी पूर्ण सहमत नाही. वर दिलेला चौकशीचा साचा मोठ्या कारखान्याचा आहे. आठ माणसांच्या दुकानात चौकशी अधिकारी, सादरकर्ता, बचाव प्रतिनिधी असा लवाजमा कोण आणणार? ब्रिटनच्या कायद्यात आस्थापनेचा आकार आणि तिची साधनं लक्षात घ्यायला सांगितलंच आहे. लहान ठिकाणी आरोपाचं नेमकं पत्र, विचार करायला अवधी, ऐकून घेणारी एक बैठक, तिची टिपणं आणि कारणांसकट निर्णय एवढं प्रामाणिकपणे केलं तरी बरंच झालं. हे सांगणं गरजेचं वाटतं, कारण 'आपल्याला जमणार नाही' म्हणून लहान मालक काहीच करत नाहीत आणि तोंडी काढून टाकतात.

जुनाफाईलवाला:

मान्य. बैठक एक असो की सहा, आरोप आधी कळला पाहिजे आणि ऐकणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं नसलं पाहिजे. एवढ्यात मात्र आकाराने सूट मिळत नाही.

केशरी शाई:

कागदांबद्दल सांगायचं राहिलं. नेमणूकपत्र, सेवानियम, पगारपत्रकं, मूल्यांकनं, हजेरी आणि मिळालेल्या प्रत्येक नोटिशीची प्रत जवळ हवी. पण घाबरून ऑफिसच्या मेलवरून ग्राहकांच्या याद्या किंवा गोपनीय फाईली स्वतःच्या मेलवर ढकलू नका. बडतर्फीचं कारण नव्हतं तिथे तुम्हीच ते पुरवता. जे कागद कंपनीकडे आहेत त्यांची तारखेसह यादी करा, दाव्यात ते हजर करायला सांगता येतात.

फुल अँड फायनलच्या कागदावर 'यापुढे कोणताही दावा उरला नाही' असं वाक्य आहे का ते बघा. हिशेबाचे पैसे घेणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करायचीच असेल तर 'हक्क राखून रक्कम स्वीकारली' असं हाताने लिहून करा आणि फोटो काढून ठेवा. भारतात काढलं किंवा राजीनामा दिला तरी वेतन संहितेप्रमाणे पगाराची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते, त्यासाठी हक्क सोडायची अट घालता येत नाही.

पानगळ:

शेवटचं एक. दुसरी नोकरी लागली तर दावा संपतो का? आणि जिंकलं तर मिळतं काय?

तराजू:

संपत नाही, पण भरपाईचं गणित बदलतं. नवीन पगार वजा होतो. उलट, काम शोधलंच नाही असं दिसलं तरी रक्कम घटते, म्हणून केलेल्या अर्जांच्या तारखा आणि आलेली नकारपत्रं सांभाळून ठेवायची.

नोकरी परत देण्याचा आदेश बहुतेक कायद्यांत आहे, प्रत्यक्षात भरपाईच जास्त वेळा मिळते. ऑस्ट्रेलियात तिची मर्यादा २६ आठवड्यांच्या पगाराएवढी. दक्षिण आफ्रिकेत १२ महिने, आणि कारणच निषिद्ध असेल, म्हणजे गरोदरपण किंवा संघटनेचं काम, तर २४ महिने. भारतात बडतर्फी बेकायदा ठरली तर मागील वेतनासह पुन्हा रुजू करून घेणं हा साधारण नियम असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पण मधल्या काळात आपल्याला दुसरी पगाराची नोकरी नव्हती, किंवा होती ती कमी पगाराची होती, हे कामगाराने अर्जात किंवा पहिल्या न्यायालयापुढे म्हणायला हवं. त्यानंतर ते खोडण्याचं काम मालकाचं. हे एक वाक्य अर्जात नसल्यामुळे बाकी सगळं जिंकूनही मागील पगार अडकू शकतो, तेव्हा वकिलाने मसुदा दाखवला की आधी ते शोधा.